काकांचा जवान

वाचताना काका उजव्या हातानं स्वतःचं डावं मनगट धरत. जुने डॉक्टर, सवयीनं नाडी बघत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्हीही तेच म्हणाला असता.

अमेरिकेत, नेपरव्हिलला आमचा वाचनकट्टा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये भरे. तिथे काका आपली युद्धकादंबरी वाचून दाखवत. तरुणपणी ते भारतीय लष्करात डॉक्टर होते. कादंबरीत चिखल, बूट, शिव्या सगळं चोख होतं. फक्त देव नव्हता. जखमी जवान डॉक्टरांच्या तंबूच्या दारात आला की काका कागद मिटत. "पुढे देवाचा प्रश्न येतो. आज नको." पुढच्या खेपेला प्रकरण नव्यानं लिहिलेलं असे, आणि जवान पुन्हा दारातच.

"काका, बोलू दे ना त्याला एखादा नवस!" आम्ही वैतागून म्हणायचो.

"नवसानं गोळी निघत नाही रे," म्हणत ते तिसरा बटाटेवडा उचलत. कुणाकडे पूजेला गुरुजी धागे बांधू लागले की काका बूट शोधायला उठत.

मग कट्ट्यावरच्या एका काकूंचा मुलगा अमेरिकन सैन्यातून इराकला गेला. त्या महिन्यात वाचन नेहमीच्या जागी थांबलं तेव्हा काकू म्हणाल्या, "जगवा हो त्याला. तुमच्याच हातात आहे."

"तेव्हाही माझ्याच हातात होतं."

मग त्यांनी सांगितलं. लष्करात असताना, शीर सापडेना म्हणून काकांनी एका जवानाच्या मनगटावरचा धागा कापला होता. त्याच्या आईनं बांधलेला. 'डॉक्टरसाब, धागा मत काटना,' तो विनवत होता. सलाइन लागलं, पण तो गेला. "धाग्याचा काही संबंध नव्हता," काका म्हणाले. "रोज सांगतो मी स्वतःला. पण शेवटपर्यंत तो मनगटाकडेच बघत होता."

चहा तसाच निवला. न पाहिलेलं ते मनगट मला अजून दिसतं.

काकूंनी पर्समधून लाल धागा काढला. मुलाला बांधला त्याच गुंडीतला.

"माझा विश्वास नाही," काका म्हणाले.

"माझा आहे ना."

काकांनी हात पुढे केला.

त्याच हिवाळ्यात काका हॉस्पिटलात होते; काकू आणि मी त्यांच्या उशाशी होतो. काकूंचा मुलगा अजून इराकमध्येच. शीर सापडेना, म्हणून नर्स कात्री घेऊन वाकली. काकांची वाचा गेली होती, पण डोळे मनगटावर खिळले होते.

"जस्ट अ मिनिट!" मी ओरडलोच.

काकू नखांनी गाठ सोडवू लागल्या. ती ओढून बसली होती, सुटता सुटेना. नर्स बिचारी थांबली. शेवटी धागा अख्खा निघाला आणि काकूंनी तो काकांच्या दुसऱ्या हातावर बांधला. मग काकांनी डोळे मिटले.

संध्याकाळी काका गेले, धागा हातावर घेऊन. त्यांचा जवान मात्र अजून तंबूच्या दारातच आहे. त्याला आत घ्यायला आता कुणी नाही.