उत्कृष्ट फलंदाजाची ढाल

तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, की तुमच्या सामन्याला आई शेवटपर्यंत थांबते, ओरडते, टाळ्या वाजवते, मग सीझन संपून बक्षिसं वाटायची वेळ आली की एकटी गाडीत जाऊन का बसते? तिला विचारलंत तर म्हणाली, ऊन लागतं. दौंडच्या उन्हात वाढलेल्या मुलीला तुमच्याकडचं ऊन कसलं लागतंय! मी क्रमाने सांगते, म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाही.

तुमची आई बेसबॉल खेळायची. हे तिने तुम्हाला सांगितलेलं नाही, हे मला तुमच्या प्रश्नावरूनच कळलं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे मुलींची एक लीग होती. चार संघ होते: दौंड, शिरूर, कासुर्डी आणि मांडवगण फराटा. थंडीत दर रविवारी रेल्वे कॉलनीमागच्या मैदानावर सामने व्हायचे. बेस म्हणून पोत्यात माती भरून शिवलेल्या उशा असायच्या. लीगच्या समितीचे अध्यक्ष तुमचे आजोबा. ते शाळेत गणित शिकवायचे आणि तालुक्यात त्यांचा शब्द चालायचा.

खेळाचे नियम इंग्रजीत होते आणि मला इंग्रजी येत होतं, म्हणून ते नियम माझ्याकडे आले. मी ते वाचले, मराठीत उतरवले आणि गुणलेखकाचं काम अंगावर घेतलं. लिंबाखाली टेबल मांडून बसायचे. फलंदाज कितीदा उभी राहिली, तिने किती हिट मारले, चेंडू टाकणाऱ्या पिचरने किती जणींना बाद केलं, सगळं लिहायचे आणि सामना संपला की दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्यायचे. मुलगी माझी होती, म्हणून जास्तच काटेकोर असायचे. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला तर हिट धरत नाहीत. एकदा मी तिचा असा हिट धरला नाही, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. "आई, शेजारच्या काकूंनी लिहिलं असतं तर दिला असता," म्हणाली. मी म्हटलं, "मग काकूंकडे जेवायला जा."

त्या वर्षी रेल्वेच्या क्रीडा विभागातले एक साहेब सामने पाहायला येत होते. त्यांनी समितीला सांगून ठेवलं होतं, की सीझनची उत्कृष्ट फलंदाज आणि उत्कृष्ट पिचर, या दोघींनाच आपण पुण्याला चाचणीला बोलावू. चाचणीत निवडली गेली तर रेल्वेची नोकरी आणि रेल्वेच्या संघात जागा. तुमची आई तेव्हा बारावीत होती. तिला दुसरं काहीही नको होतं. सकाळी अभ्यासाआधी अंगणात बॅट फिरवायची. तुळशीवृंदावनाचा एक कोपरा तिने तेव्हाच उडवला, तो अजून तसाच आहे.

सीझन संपला तेव्हा ती पहिली होती. दहा वेळा उभी राहिली तर चार वेळा हिट. मांडवगणची एक उंच मुलगी दुसरी होती आणि तिच्यात आणि हिच्यात चांगलंच अंतर होतं. वादाला जागाच नव्हती.

समितीची बैठक आमच्या ओट्यावर झाली. चहा, कांदाभजी, सगळं मीच केलेलं. मी गुणपत्रकं पुढे ठेवली. शिरूरचे एक आबा होते, खतांचं दुकान होतं त्यांचं. त्यांनी कागदाला हातही लावला नाही.

"मास्तर, आकडं बरोबर असत्याल, मी न्हाई म्हणत न्हाई," ते म्हणाले. "पण अध्यक्ष तुम्ही, लिवणार वहिनी, आन् ढाल बी तुमच्याच घरात? मांडव बी त्यांचा आन् नवरी बी त्यांचीच, म्हणतील लोक."

"सह्या दोन्ही कर्णधारांच्या आहेत, आबा," मी म्हटलं.

"सह्या कोण बघतंय, वहिनी? लोकं ढाल बघत्यात."

समितीतले कासुर्डीचे मामा भजी खाता खाता हसले. "मास्तरांचं नाव तालुक्यात मोठं हाय. एका ढालीपायी कशाला डाग लावून घ्यायचा?"

बस, एवढं पुरे झालं. तुमच्या आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "माझ्या मुलीचं नाव वगळा. दुसरीला द्या."

मी म्हटलं, "ती तुमची मुलगी आहे म्हणून चेंडू लांब जात नव्हता."

"घरचं बक्षीस घरात ठेवणं मला शोभत नाही," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आबा तर म्हणाले, "असा माणूस आता हुडकून घावायचा न्हाई." भज्यांची दुसरी ताटली आणायला मी आत गेले ती बाहेर आलेच नाही.

तुमची आई दाराआडून ऐकत होती. सगळे गेल्यावर ती ओट्यावर आली. "आप्पा, मी दुसऱ्या कुणाची मुलगी असते तर ढाल मला मिळाली असती ना?"

"असती," ते म्हणाले. खोटं कधी बोलायचे नाहीत.

दरवर्षी प्रमाणपत्रांवर नावं मी लिहायचे, अक्षर चांगलं म्हणून. त्या वर्षी उत्कृष्ट फलंदाजाच्या प्रमाणपत्रावर मी नाव लिहिलं नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहिलं.

बक्षीस समारंभाला मांडवगणच्या मुलीने ढाल घेतली. मग आबांनी माइक हातात घेतला आणि स्वतःच्या लेकीचा मान दुसऱ्याच्या लेकीला देणाऱ्या अध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार जाहीर केला. टाळ्या थांबेनात. ढालीलाही तेवढ्या पडल्या नव्हत्या. तुमची आई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. शाल त्यांच्या खांद्यावर पडली तेव्हा मी वळून पाहिलं, तर खुर्ची रिकामी.

त्यानंतर तिने बॅट हातात घेतली नाही. पुण्याला गेली, कॉम्प्युटर शिकली, मग तिकडे परदेशी गेली. तुमचे आजोबा अखेरपर्यंत म्हणत, "बघ, बरंच झालं की नाही? रेल्वेत गेली असती तर इथेच राहिली असती." म्हणणाऱ्यांनी तर म्हटलं, मास्तरांना पुढचं दिसतं. तुम्ही दोघं मला आहात, याचा आनंद मला कुणी शिकवायला नको. पण म्हणून त्या ओट्यावर जे झालं ते बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी कुणालाच पुढचं दिसत नव्हतं. त्यांना फक्त लोक दिसत होते.

मांडवगणची मुलगी चाचणीत निवडली गेली. पुढे ती दौंड स्टेशनवर तिकीट खिडकीत बसायची. एकदा मी आणि तुमचे आजोबा पुण्याला निघालो होतो. तिने यांना ओळखलं, बाहेर येऊन वाकून नमस्कार केला. "सर, हे सगळं तुमच्यामुळं. ताई कशी हाय? खेळती का अजून?"

तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. ती चांगलीच खेळायची, दुसरी होती. पण हे फलाटाकडे बघत म्हणाले, "तिला वेळ नसतो."

ती शाल त्यांनी कधी पांघरली नाही. मीही कुणाला दिली नाही. डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवली आहे, कारण वस्तू खराब होऊ देणं मला जमत नाही. माझ्यानंतर इथलं घर आवराल तेव्हा ती सापडेल. भारी लोकर आहे, वापरा किंवा वाटून टाका. फक्त आईला दाखवू नका.

आणि तुमच्यापैकी कुणाला बक्षीस मिळालं, तर घेऊन थेट गाडीपाशी जा.