हेल्मेटमधल्या मिरच्या

बडोद्याकडून मी आयुष्यात एकच रणजी सामना खेळलो, आणि तोही रडत.

पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे आमच्या घराण्यात कुणी कशाला भ्यालेलं नाही, असं बाबा सांगायचे. (सगळ्यांच्या वाटणीची भीती माझ्यासाठी राखून ठेवली होती!) समोरच्या संघातला फास्ट बॉलर मागच्याच सामन्यात एकाचा जबडा फोडून आला होता. आणि मला निवड समितीने बजावलेलं, "टिकलास तर संघात, नाहीतर घरी." सामन्याच्या सकाळी मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

"आई, मला ताप आलाय बहुतेक."

"ताप कसला? दृष्ट लागलीय मेल्यांची! पेपरात नाव आलं ना तुझं!"

आईने मीठ-मोहरी, सुक्या मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या. खरं तर त्या विस्तवात टाकायच्या. पण मागच्या वेळी धुराने अख्खी सोसायटी खोकली होती आणि शेजारच्या कोकिळाबेन भांडायला आल्या होत्या. मग या माउलीने काय करावं? मला न सांगता मिरच्यांची पुरचुंडी बांधून हेल्मेटच्या स्पंजाखाली शिवून टाकली!

मैदानात उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. बॉलर चालत चालत पार सीमारेषेपाशी पोचला. (तिथून धावत येणार? माझ्यासाठी?) मला दरदरून घाम फुटला. तो पुरचुंडीतून झिरपला आणि थेट डोळ्यांत उतरला. आई गं! नुसत्या धारा लागल्या.

विकेटकीपर ओरडला, "अरे भाई, आ तो रडे छे!"

"नाही हो, डोळ्यांत काहीतरी गेलंय!"

"काय गेलंय?" अंपायरने विचारलं.

"काय माहीत! आग आग होतेय!"

(खोटं कशाला बोलू, पहिले थेंब माझे स्वतःचेच होते. मिरच्यांनी नंतर हातभार लावला.)

तो जबडाफोड्या स्वतः जवळ आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गभराईश नहीं, भाई. धीरे नाखीश." हळू टाकतो म्हणे! आणि खरंच, लहान मुलाला टाकावा तसा त्याने बॉल टाकला. मी डोळे गच्च मिटून बॅट फिरवली. मागे दांडी उडाल्याचा आवाज आला. संघातून माझं नाव गेलं ते कायमचंच.

घरी आल्याआल्या मी हेल्मेट आपटलं. पुरचुंडी बाहेर लोंबली.

"आई! हे काय?"

तिचं लक्षच नव्हतं. तिने माझा जबडा चाचपला, नाक चाचपलं, दात पाहिले, आणि पदराने डोळे पुसले.

"बघ, मिरच्यांचा गुण! एक बॉल लागला नाही तुला!"

बरोबर होतं तिचं. मलाच काय, माझ्या बॅटलाही नाही लागला!