ज्ञानेश्वरीचे पेन्सिल सेल

माझ्या चुलत पुतण्याची, हर्षलची बायको ज्ञानेश्वरी हिच्याबद्दल मी इथं चांगलंच लिहिणार आहे. पण आधीच सांगून टाकतो, मध्यंतरी ही पोरगी मला डोळ्यांसमोर नको झाली होती. तिचं हसणं नको, तिची स्कूटी नको, आणि गच्चीवर पाइपाला बांधलेलं ते पांढरं यंत्र तर मुळीच नको.

मी रंगनाथ. काष्टीत माझं घड्याळांचं दुकान आहे. घड्याळं दुरुस्त करतो, टॉर्च आणि सेल विकतो. पण गावात मला कुणी घड्याळवाला म्हणत नाही, मिलिमीटरतात्या म्हणतात. वीसेक वर्षांपासून मी परसात पावसाचं माप ठेवलंय. रोज सकाळी साडेआठला डब्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, वाकून डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा, आकडा वहीत लिहायचा आणि दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं टाकायचा. पाऊस नसेल तर शून्य. पण शून्यसुद्धा बघून लिहायचं, घरात बसून नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशी मी फेटा बांधून मापाशी वाकलो होतो आणि माझी बायको सविता मांडवातून माझ्या नावानं ओरडत होती. तेव्हा एक दिवस चुकत नव्हता. चहाच्या टपरीवर पावसावरून वाद झाला की लोक म्हणायचे, "चला, तात्याचा फळा बघू." मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

ज्ञानेश्वरी नेवासा तालुक्यातली, शिंगणापूरच्या अलीकडच्या गावची. शेतीची पदवी घेतलेली. लग्न होऊन आली आणि दोन वर्षांत घरचं दीड एकर डाळिंब तिनं ताब्यात घेतलं. फवारणीचा पंप स्वतः पाठीवर घेते, शिडी स्वतः लावते. आणि हिला तारखा लिहायचं वेड. लोणच्याच्या बरणीवर तारीख, औषधाच्या बाटलीवर तारीख, गॅसच्या टाकीवरसुद्धा. हर्षल म्हणायचा, "मी एका जागी लई येळ बसलो तर माझ्यावर बी तारीख टाकंल ही."

गेल्या वर्षी मे महिन्यात तिनं ते हवामानाचं यंत्र आणलं. गच्चीवर दोन सेन्सर, एक उष्णता आणि हवेतला दमटपणा मोजणारा, दुसरा पाऊस मोजणारा. आकडे दिसायची पाटी स्वयंपाकघरात, फडताळावर. रोज सकाळी सातला ती गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे टाकू लागली. सातला! माझा फळा साडेआठला. दीड तास आधीच पन्नास जणांचे अंगठे पडलेले असायचे.

पुंजाराम माझा शाळेपासूनचा सोबती. पंधरा वर्षं हा माणूस माझ्या फळ्यासमोर तंबाखू मळत उभा राहिलाय. जुलैत एक दिवस फळ्याकडे पाठ करून मला म्हणतो, "तात्या, बारा मिलिमीटर झाला म्हनं पाऊस. सूनबाईनं टाकलंय."

फळ्यावर मी तेव्हाच साडेबारा लिहिलं होतं. खडू अजून बोटांना होता. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. काल आलेली पोर, एकदाही न वाकता, चहा गाळता गाळता आकडा वाचणार आणि गाव तिचं ऐकणार! त्या दिवसापासून मी सकाळी तिच्या गच्चीच्या बाजूला ज्वारी टाकू लागलो. कबुतरं जमावीत आणि त्या सेन्सरमध्ये घाण करावी म्हणून. वय माझं त्रेसष्ट.

ऑगस्टच्या शेवटी ती दुकानात आली.

"तात्या, बाहेरच्या सेन्सरचे सेल उतरल्यात. पाटीवर खूण आलीय. जास्त दिवस टिकतील असे कोणते देता? हे म्हणत्यात, तेच काढून उन्हात ठिव, पुन्हा चालत्यात."

"चालतील की, दोन दिवस. मग पुन्हा शिडी."

"चार्जिंगचे घालू का?"

"नगं. त्येंचा जोर मुळातच जरा कमी. यंत्राला वाटंल, सेल आताच उतरल्यात."

"मग अल्कलाइन?"

"घरात बेस. पन गच्चीवर एप्रिल-मेच्या उन्हात पाझरत्यात. आतली स्प्रिंग खाऊन टाकत्यात."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. ती मान हलवत ऐकत होती. माझ्या पाठीमागे खिळ्याला लिथियमच्या पेन्सिल सेलचं पाकीट टांगलेलं होतं, पुण्याहून आणवलेलं. त्यांना ऊन बाधत नाही, डिसेंबरची थंडी बाधत नाही, ते पाझरत नाहीत. एकदा घातले की वर्षभर, कदाचित जास्तच, शिडी लावायला नको. मी हात मागे नेलाही होता. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला आणि ती कुणाला तरी ऐटीत म्हणाली, "हो सर, पावसाचं सगळं आमच्याकडंच मिळंल."

आमच्याकडंच! एकोणीस वर्षं कंबर मोडली मी, आणि पावसाचं सगळं हिच्याकडं? हात खाली आला. खालच्या खणात साधे स्वस्तातले सेल पडले होते, छापलेली मुदत आदल्या वर्षीच संपलेली. त्यातले काढून तिला दिले.

"हे घे. भिताडावरच्या घड्याळात वर्षभर चालत्यात."

हेही खोटं नव्हतं, नवे असतील तर. तिनं तिथंच स्केचपेननं प्रत्येक सेलवर तारीख घातली, २८ ऑगस्ट, आणि गेली. मला गुदगुल्या झाल्या. खरंच झाल्या.

एक सप्टेंबरला मी मापाकडे गेलो नाही. सविता म्हणाली, "आज माप न्हाई बघितलं?"

"यंत्र हाय की गावाला," मी म्हणालो. फळा पुसला आणि त्यावर लिहिलं, 'सेल मिळतील'. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. मग रुसणं अंगवळणी पडलं.

पंधरवड्यानं ज्ञानेश्वरीची आई न्हाणीघरात पडली, म्हणून ती आठ दिवस माहेरी गेली. हर्षल त्या पाटीकडे ढुंकूनही बघत नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस झाला. ओढा रस्त्यावर आला. परसातला डबा तुडुंब भरून वाहिला. मी खिडकीतून बघत बसलो.

ती परत आली ती थेट दुकानात. काउंटरवर सेल ठेवले.

"तात्या, सतरा दिवसांत संपले. चौदा ते एकवीसचा पाऊस मोजलाच न्हाई यंत्रानं. पण म्हटलं घोर कशाला, तात्या हायेत."

मग तिनं पिशवीतून जाड फाईल काढली. कृषी महाविद्यालयातल्या एका सरांना आपल्या गावाचा जुना पाऊस हवा होता. हिनं माझ्या वह्यांचे फोटो सविताकडून नेऊन एकोणीस वर्षांचे आकडे संगणकावर उतरवले होते. मला अचानक दाखवायचे म्हणून दोघींनी तोंडाला कुलूप लावलेलं.

"त्या दिवशी सरांचाच फोन होता. म्हटलं, पावसाचं सगळं आमच्याकडंच मिळंल, आमच्या तात्यांकडं. यंत्र मी डाळिंबाच्या फवारणीपुरतं घेतलंय. जोराच्या पावसात ते कमीच मोजतं. मी रोज तुमचा फळा बघून ताडून घ्यायचे. फळा बंद केलात, पण वही चालूच असंल ना? हा सप्टेंबर तेवढा राहिलाय."

फाईलच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं. खाली ओळ होती, 'एकही दिवस न चुकता'.

वही आणतो म्हणून मी मागे घरात गेलो. कोरं पान उघडलं. कोण बघणार होतं? बेचाळीस, अठ्ठावीस, त्रेसष्ट, कुठलेही आकडे खपले असते. चौदा तारखेपुढे मी ४ लिहिला. आणि पुढचा आकडा लिहिता येईना. भर उन्हाळ्यातही डबा उघडून, आत बघून मगच शून्य लिहिणारा माणूस मी. त्या एका ४ ची मला शिसारी आली. त्यावर रेघ मारली आणि वही तशीच तिच्या हातात दिली.

तिनं पान उलटलं, पुन्हा मागे आली. मग हसून म्हणाली, "तात्या, तुमचेबी सेल संपले हुते का?"

मी हसलो नाही. तेव्हा तिचंही हसू गेलं.

"सरांच्या तक्त्यात नोंद नसल्याचं कारण लिहायचा रकाना हाय," ती हळू म्हणाली. "यंत्रापुढं सेल संपले असं लिहिते. तुमच्यापुढं काय लिहू?"

"दोन्हीकडं माझंच नाव लिही."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं काउंटरवरचा एक सेल उचलला आणि फिरवून छापलेली मुदत वाचली.

"तुमच्याकडनं घेतलेल्या सेलची तारीख मी कधी बघितली न्हाई, तात्या."

चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. मी खिळ्यावरचं लिथियमचं पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. रकान्यात तिनं 'नोंद राहिली' एवढंच लिहिलं आणि पहिल्या पानावरच्या त्या ओळीवर शांतपणे रेघ मारली. नाव तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा साडेआठला मापाशी वाकू लागलो. लिथियमचे सेल वर्ष होत आलं तरी चालू आहेत. ग्रुपवर ती आता दोन आकडे टाकते, यंत्राचा सातला आणि माझा साडेआठनंतर, 'तात्यांचं माप' म्हणून. पुंजाराम पुन्हा फळ्याकडे तोंड करून तंबाखू मळतो. सगळं पहिल्यासारखं झालं असं लोकांना वाटतं.

गेल्या आठवड्यात ती भिंतीवरच्या घड्याळासाठी सेल न्यायला आली. मी दिलेला सेल तिनं हातात घेतला, फिरवला, मुदत वाचली आणि मगच पिशवीत टाकला. मला दुखवायला नाही, सवयीनं.