सात वाजताची मालिका

केबल मीच काढायला लावली, उगाच दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. दर महिन्याला केबलवाला दारात उभा राहून बिल पुढे करायचा आणि अधूनमधून त्यात गुपचूप वाढ झालेली असायची. का वाढलं विचारलं की म्हणायचा, चॅनेलं वाढलीत अक्का. वाढू देत की! आम्ही पाहतो एकच. एक कन्नड चॅनेल, आणि त्यावरची सात वाजताची एक मालिका. बाकीच्या चॅनेलांवर कोण नाचतंय, कोण भांडतंय, आम्हाला पत्ता नव्हता आणि पर्वाही नव्हती. एका भाजीसाठी अख्ख्या ताटाचे पैसे का भरायचे, असं मी आमच्या ह्यांचं डोकं खात होते. ह्यांचं इथं म्हैसूरच्या गोकुलम भागात शिंपीकामाचं छोटं दुकान आहे. योगासनं शिकायला आलेल्या परदेशी पोरापोरींच्या विजारी आखूड करण्यात दिवस जातो, आणि घरी आल्यावर माणूस शांतता मागतो. शेवटी म्हणाले, काढ बाई, पण मला ऐकवू नकोस.

मग माझ्या मुलीनं, ती इथंच एका कंपनीत नोकरीला आहे, टीव्हीच्या पाठीमागे बोटाएवढी एक काडी खुपसली. घरात तिच्या कामासाठी इंटरनेट होतंच. तीच मालिका, तीच माणसं, तेच रडणं, आणि खर्च केबलपेक्षा किती तरी कमी. मी एवढी हुरळून गेले की आठवडाभर दिसेल त्याला सांगत होते.

आता आत्यांबद्दल सांगायला हवं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही म्हैसूरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी, आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. बाहेरच्या खोलीत माझं मशीन आहे, ब्लाऊज शिवते मी. कापणं आणि मशीन माझं, हूक लावणं आत्यांचं. बोटांनी चाचपून लावतात आणि माझ्यापेक्षा सरळ लावतात. ह्यांनी सकाळी दुकानाला निघण्याआधी सुया ओवून आत्यांच्या शिवणाच्या छोट्या उशीत टोचून ठेवायच्या, हा घरचा नियम. एखाद्या दिवशी विसरले तर आत्या काही बोलत नाहीत, नुसती रिकामी उशी दारात नेऊन ठेवतात.

सातला आमच्या खोलीत गल्लीतल्या चार बायका जमायच्या. चौघींच्या घरी टीव्ही होता, तरी यायच्या. आल्या की माझ्या ढिगातला एकेक ब्लाऊज उचलायच्या आणि मालिका बघता बघता हातशिलाई करायच्या. मी सांगितलेलं नव्हतं हो, हाताला चाळा म्हणून आपणच सुरू केलेलं. चौघी कन्नड बोलणाऱ्या. आत्या त्यांच्याशी अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायच्या आणि दोन्हीकडचं व्याकरण धाब्यावर बसवायच्या. पडद्यावरचं बोलणं थांबलं आणि नुसतं संगीत वाजायला लागलं की आत्या मान वर करायच्या. मग कुणीतरी सांगायचं, अज्जी, ती जिन्यात उभी आहे, साडी मोरपंखी, हातातलं तबक थरथरतंय. यातही वाटण्या ठरलेल्या. समोरच्या घरातली साड्या सांगणार, आणि कृष्णराजनगरहून लग्न होऊन आलेली शेजारीण चेहरे सांगणार. ही शेजारीण चेहरा सांगताना स्वतःही तसा करून दाखवायची, ज्यांना दिसत नाही त्यांना. आम्ही हसून लोळायचो.

केबल काढल्यानंतर माझ्या लेकीनं परोपकार आरंभला. चौघींच्या मोबाइलवर ती मालिका दाखवणारं ॲप घालून दिलं, कसं लावायचं ते शिकवलं. त्या ॲपवर संध्याकाळचा भाग सकाळीच येतो. झालं. एकीनं इडलीचं वाटता वाटता बघितला, दुसरीनं बसमध्ये, तिसरीनं दुपारी आडवं पडून. सातला यायचं कशाला? पहिल्यांदा एक कमी झाली, मग दुसरी, आणि महिन्याभरात आमची खोली ओस पडली.

आत्या मात्र सातच्या आधी तोंड धुऊन, वेणी घालून, हुकांची डबी मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेल्याच. पहिले काही दिवस विचारायच्या, आज कुणी नाही का ग? मी म्हणायची, काम असेल. मग विचारायचं बंद केलं. मग हूक लावायचंही मंदावलं. एका संध्याकाळी वेणीसुद्धा न घालता त्या सहालाच आडव्या झाल्या. आंधळ्या माणसाला दिवस कुठला आणि रात्र कुठली? त्यांचा दिवस त्या सात वाजण्यावर उभा होता, आणि तो मी काटकसर करून पाडला होता. ते कुणी मला म्हणालं नाही. म्हणालं असतं तर मी भांडले तरी असते.

मी हात-पाय मारले. मशीन चालवता चालवता आपणच सांगायला लागले. पण मला ती कला नाही. ती रडतेय, मी सांगायची. का ग? मला काय ठाऊक, मी बाहीकडे बघत होते. आत्या बिचाऱ्या बरं म्हणायच्या.

मग मुलगी म्हणाली, आई, आता आपल्याकडे मराठी मालिका पण आहेत, आजीला मराठीच लावू या. हे मला एकदम पटलं. घरी मराठी बोलणारं माणूस, सारा जन्म कन्नड मालिका ऐकत आलं, आता कानावर आपली भाषा पडेल! मोठ्या थाटात एक पुण्याकडची मालिका लावली. आत्यांनी अर्धा तास लक्ष देऊन ऐकली. मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाल्या, "चांगली माणसं वाटतात. पण त्यांना स्वल्प सावकाश बोलायला सांग." त्यानंतरचा अर्धा तास मी पडद्यावरचं मराठी आत्यांना कन्नडमध्ये समजावून सांगत होते. मुलगी पोट धरून हसत होती, हेही दारात उभे राहून हसले, आणि शेवटी आत्याही हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. पण दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा तेच, हातात डबी आणि झाकण लावलेलं.

हे म्हणाले, जाऊन बोलावून आण की चौघींना. मी का बोलावू? इतकी वर्षं माझ्या हातची कॉफी प्यायल्या, त्यांना कळू नये? माझा स्वभावच तसा आहे, मोडेन पण वाकणार नाही. केबलवाल्याला मात्र फोन केला. तो म्हणाला, जोडून देतो अक्का. फोन ठेवल्यावर माझं मलाच कळलं की केबल परत येईल, पण बायकांच्या हातातले मोबाइल थोडेच परत जाणार आहेत? उलटा फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलंय.

दसरा जवळ आला होता, कामाचा डोंगर झाला होता. अशात एका संध्याकाळी समोरच्या घरातली तिचा ब्लाऊज झाला का विचारायला आली. नेमकी सातला. झाला नव्हता, मी तोंड वर न करताच सांगितलं. ती दारातच थांबली. खोलीत टीव्ही बंद, आणि टीव्हीकडे तोंड करून खुर्चीत आत्या. तिनं चपला काढल्या, आत आली, ढिगातला एक ब्लाऊज उचलला, उशीतली सुई घेतली आणि खाली बसली. मी मुकाट्यानं मालिका लावली. संगीत वाजलं तशी ती म्हणाली, अज्जी, आज अबोली साडी आहे, पण काठ काही बरा नाही. आत्यांनी डबीचं झाकण उघडलं.

मी मशीनवर मान घालून बसले. डोळे भरले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती कृष्णराजनगरवालीला घेऊन आली, आणि आठवड्याभरात चौघी पुन्हा जागच्या जागी. जणू मधे खंड पडलाच नव्हता.

उलट मजा वाढली. केबल होती तेव्हा मालिका कुणासाठी थांबत नसे. आता काडीबरोबर आलेल्या रिमोटवर थांबवायचं बटण होतं. मुलीनं आत्यांचं बोट त्यावर नेऊन ठेवलं, दाब म्हणाली. आत्यांनी दाबलं, आणि टीव्हीतली माणसं बोलता बोलता गप्प झाली. पुन्हा दाबलं, बोलायला लागली. आत्यांनी ते पाच-सहा वेळा केलं. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नातीच्या बारशाला पाहिला होता. त्या दिवसापासून रिमोट त्यांच्या मांडीवर. कुणाचा कुकर उतरवायचा राहिला, मालिका थांबली. कुणाला सासऱ्यांनी हाक मारली, मालिका थांबली. आणि त्यात आत्यांनी एक नवीन खोडी काढली. पडद्यावर कुणी दार वाजवलं की ऐन त्याच क्षणी बटण दाबायचं आणि एकेकीला विचारायचं, कोण आलं असेल सांग. मग अंदाज सुरू. एक म्हणायची पोलीस, दुसरी म्हणायची हिचा मेलेला नवरा, तिसरी म्हणायची दूधवाला असेल, त्याचं बिल थकलंय. अर्ध्या तासाची मालिका सव्वा तास चालायची. तुम्हाला सांगते, त्या दसऱ्याला माझे सगळे ब्लाऊज वेळेवर गेले.

एक दिवस सकाळी मी भाजीच्या गाडीपाशी उभी होते. पलीकडच्या बाजूला कृष्णराजनगरवाली माझ्याकडे पाठ करून कुणाला तरी सांगत होती की आज मालिकेत धाकटी जाऊ परत येते, हातात बॅग, आणि मोठी तिला दारातच थोबाडीत मारते. आज? मी घड्याळ बघितलं. नऊसुद्धा वाजले नव्हते, आणि मी समजत होते की सातला यायला लागल्यापासून सकाळचं बघणं त्यांनी सोडलं.

संध्याकाळी मी मशीन बंद ठेवून त्यांच्यावरच नजर ठेवली. पडद्यावरच्या दारावर टकटक झाली, आत्यांनी बटण दाबलं, आणि कृष्णराजनगरवाली कपाळाला आठ्या घालून म्हणाली, कोण बरं असेल, मला वाटतं पोस्टमन. समोरच्या घरातली म्हणाली, छे, डॉक्टर. चौघींपैकी एकीनंही जाऊ म्हटलं नाही. पुढे दार उघडलं, जाऊ आली, आणि चौघींनी तोंडावर हात नेला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात कोंबून हसले. हसता हसता मला त्या चौघींना मिठीत घ्यावंसं वाटलं. सकाळी बघून झालेलं पुन्हा बघायला कामधंदा टाकून यायच्या, वर पोस्टमन म्हणायच्या. कुणासाठी, ते काय सांगायला हवं?

मी कुणाला बोलले नाही. मुलीलाही नाही, ह्यांनाही नाही. भीती एकच होती, आत्यांना कळेल. मानी बाई आहेत. आपल्यावर दया करून बायका येतात असं त्यांच्या मनात आलं असतं तर दुसऱ्या दिवशी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसल्या असत्या, आणि मग सगळं संपलं असतं. म्हणून संध्याकाळी माझाच जीव टांगणीला. कुणी जरा लवकर उसासा सोडला की मी खोकायची, नाहीतर कात्री पाडायची.

मग एका संध्याकाळी समोरच्या घरातलीनं घोळ घातलाच. पडद्यावर नायिका नुसती जिना चढत होती, काही झालेलं नव्हतं, आणि ही अय्यो म्हणून ओरडली. त्यानंतर नायिका घसरून पडली. मी दोन्ही हातांनी कात्री पाडली. आत्यांनी पुढे विचारलं, साडी कुठली होती पडताना? ती म्हणाली, पिवळी, अज्जी.

सगळ्या गेल्यावर मी ब्लाऊज गोळा करत होते. आत्या उरलेले हूक मोजून डबीत टाकत होत्या. एकाएकी म्हणाल्या, "कात्रीला धार राहील का ग, रोज पाडतेस ती?"

हातातले ब्लाऊज मी खाली ठेवले. कधीपासून माहीत आहे, मी विचारलं. पहिल्या आठवड्यापासून, म्हणाल्या. रडायचं यायच्या आधीच नाकं ओढतात सगळ्याजणी. आणि आता तर दुपारी नात घरून काम करते तेव्हा तिच्या मोबाइलवर आत्या स्वतःच अख्खा भाग ऐकून घेतात. कालचा ऐकला, आजचाही ऐकला. नायिका जिन्यावरून पडणार हे त्यांना दुपारी दोनपासून ठाऊक होतं.

म्हणजे त्या खोलीत सातला बसलेल्या एकूण एक बाईनं तो भाग आधीच बघितलेला होता, ऐकलेला होता. न बघितलेली मी एकटीच.

"मग रोज थांबवून विचारता कशाला, कोण आलं असेल, साडी कुठली म्हणून?"

आत्यांनी डबीचं झाकण लावलं. "मी विचारलं नाही तर त्या सांगतील काय?" म्हणाल्या. "आणि सांगायला काही नसेल तर येतील कशाला?"