घोड्यावरची कुदळी

आमच्या घरात कुणाचा हुकूम चालतो, हे घोड्यावर कुणाची कुदळी बांधली आहे यावरून ठरतं. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी उरकली की लिंबागणेशच्या बाजूचा आमचा माळ सोडायचा, मेंढरं हाकत माजलगावकडच्या उसाच्या, पाण्याच्या मुलखात उतरायचं आणि पावसाळा तोंडावर आला की परतायचं. बिऱ्हाड सगळं एका घोड्याच्या पाठीवर. भांडी, वाकळा, पिठाचं गाठोडं, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं. एवढ्या पसाऱ्यात खणायचं हत्यार एकच मावतं, तेही लहान. ते जिचं, तिचं बिऱ्हाड.

ही कुदळी सासूकडून सुनेकडे जात नाही. दांडा जिच्या तिच्या हाताच्या मापाचा असतो, म्हणून सुनेला नवी घ्यावी लागते, आणि ती निवडायची सासूने. सुनेने आपली आपण आणली तर चारचौघांत बोभाटा होतो. माझ्या आईने ही रीत ओळखून एक सोपी युक्ती केली होती. वहिनी घरात आली, तिची पोरं शाळेत जायला लागली, तरी आईला कुदळी निवडायला बाजारात जायला काही सवड झाली नाही.

गेल्या दिवाळीत मात्र आईचे गुडघे पार गेले होते. भाऊ म्हणाला, "माय, औंदा तू घरीच ऱ्हा."

"घरी राहून काय भिताडं राखू?" आई म्हणाली.

मी बीडला नोकरी करते, म्हणून असल्या भांडणात मला मध्यस्थ करतात. मध्यस्थाला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात, तेवढी खाल्ली. भावाने तोडगा म्हणून मोबाइलवर घडीचं फावडं दाखवलं. हलकं, पिशवीत मावणारं. आईने ते डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "घडी घालाया ती काय चादर हाय?" विषय तिथेच संपला.

आईची कुदळी मुळात आबांनी, माझ्या वडिलांनी, आणलेली. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या माळावर बोटभर मातीखाली मुरूम, मुरुमाखाली खडक. मेंढरांभोवती रात्री जाळी लावायची तर तिच्या मेखा रोवतानाच घाम फुटायचा. आबांनी विचार केला, दांडा लांब असला की घाव जोरात बसतो. म्हणून बीडच्या बाजारातून चांगला छातीएवढा बाभळीचा दांडा बसवलेली कुदळ घेऊन आले आणि मोठ्या ऐटीत घोड्यावर बांधली. आई म्हणाली, "आवो, लई लांब हाय." आबा म्हणाले, "तुला काय कळतंय."

गावाबाहेरचा उतार लागला आणि दांड्याचं टोक घोड्याच्या मांडीला टोचायला लागलं. घोडं आधी थबकलं, मग उधळलं. पातेली उतारावरून गडगडत गेली, पीठ सांडलं, कोंबड्या बांधलेल्या पायांनिशी ओरडत बाभळीखाली जाऊन पडल्या. आबा घोड्यामागे आणि आम्ही भांड्यांमागे.  मुक्कामाला पोचल्यावर आईने शेतकऱ्याकडून करवत मागून आणली, कोपरापासून बोटांपर्यंत आपला हात दांड्याला लावला आणि उरलेला दांडा कापून टाकला. कापलेल्या तुकड्याला आबांनीच गपगुमान टोक काढलं आणि त्याची घोडं बांधायची मेख केली. पुढे कितीतरी वर्षं कुदळी आईच्या हातात आणि मेख आबांच्या हातात राहिली. आबा चेष्टेने म्हणायचे, "ती वरचा मजला घेऊन बसली, मला तळघर दिलं."

त्या आखूड कुदळीचा आवाज मला अजून झोपेत ओळखू येईल. मुक्कामाला आम्ही टेकायचो तेव्हा आई उकिडवी बसून खणायला लागलेली असायची. एका अंगाला टोक, ते मुरुमासाठी. दुसऱ्या अंगाला चपटं पातं, ते माती ओढायला. टोकाने फट शोधायची, दगडावर घाव घालायचा नाही, दगडाच्या कडेला घालायचा. आधी जाळीच्या मेखा, मग चुलीची खाच, मग कोरड्या ओढ्याच्या वाळूत झिरा. झिऱ्यातलं पहिलं पाणी गढूळ यायचं, ते उपसून टाकायचं आणि मग वाटीवाटीने भरत बसायचं. त्या पाण्याला वाळूचा वास असायचा. आता माझ्या घरी नळ आहे, फिल्टर आहे, आणि तहान लागली की मला तो वास आठवतो. लोकांना हे सांगितलं तर हसतात.

तर गेल्या दिवाळीत आई हटून बसली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, मला अजून जमतं हे दाखवायला तिने अंगणातच कुदळी घेतली, उकिडवी बसली आणि खणलंही. पण उठता येईना. मी ओट्यावरून बघत होते. वहिनी गोठ्यातून आली, काखेत हात घालून तिला उभी केली, लुगड्याची माती झटकली आणि परत गोठ्यात गेली. भावाला सांगितलं नाही, मला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा नाही. आई बराच वेळ गोठ्याकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वहिनीला म्हणाली, "चल, बीडला जाऊ."

बाजारात आईने लोखंडवाल्याला अगदी जेरीस आणलं. एकेक बिनदांड्याची कुदळी मुठीत धरून मनगटावर तोलली. जड असलेल्या बाजूला सारल्या. हलक्या होत्या त्यांच्यातल्या पातळ पात्याच्याही सारल्या. "ह्या बागंतल्या," म्हणाली, "आमच्या मुरमात मुडपतीन." दांड्याचं भोक बोटाने चाचपलं. दोन उरल्या तेव्हा दोन्ही दुकानासमोरच्या दगडावर हलकेच आपटल्या आणि जिचा नाद खणखणीत आला ती घेतली. मग सुताराकडे जाऊन वहिनीचा हात लांब करायला लावला आणि दांड्यावर माप धरलं. वहिनी उंच आहे. आईच्या दांड्यापेक्षा तो टीचभर लांब झाला. "आत्याबाई, थोडा कमी करू का?" वहिनीने विचारलं.

"कावून? तुजा हात हाय त्यो," आई म्हणाली.

निघायच्या सकाळी घोडं भरताना आई सवयीने उजव्या अंगाला गेली. तिथे नवी कुदळी बांधलेली होती. तिने दोरीची गाठ ओढून पाहिली, सैल वाटली असावी, सोडून पुन्हा आवळली आणि बाजूला झाली. मेंढरं निघाली. धूळ बसेपर्यंत आम्ही दोघी दारात उभ्या होतो. मला आबांची फार आठवण आली आणि मी रडले. आई रडली नाही.

एक लंगडी मेंढी तेवढी मागे ठेवली होती, चालता येत नाही म्हणून. ती कळपाच्या दिशेने सारखी ओरडत होती, दाव्याला हिसके देत होती. आई आत गेली आणि आबा गेल्यापासून आढ्यात खोचून ठेवलेली त्यांची मेख काढून घेऊन आली, दुसऱ्या हातात आपली कुदळी. उकिडवं बसणं जमेना म्हणून पाय लांब पसरून मातीतच बसली. मी म्हटलं, आण, मी खणते. "तुज्या हाताचा न्हाई त्यो दांडा," ती म्हणाली आणि मुरुमात फट शोधायला लागली.

मेख रोवून झाली. कुदळीच्या पाठीने दोन टोले दिले, हलवून पाहिली, मेंढीचं दावं तिला बांधलं. मेंढी ओरडतच होती. आईने तिच्या मानेवर हात ठेवला.

"कावून वरडायलीस?" ती म्हणाली. "मी बी हाय की हितं."