वाघमारे मॅडम आणि चार दिवसांची टाकी

वाघमारे मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा पेला आधी नाकाशी न्यायच्या. वास, मग एक घोट, मग निकाल. "आज क्लोरीन जरा जास्त आहे." किंवा, "गच्चीवरची टाकी कधी धुतली होती हो? नाही, सहज विचारते." यजमानीण बिचारी चहाचं विसरून टाकीच्या काळजीला लागायची. महापालिकेच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत मॅडमची तीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतरही ती नोकरी त्यांच्या नाकातून काही गेली नाही.

कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण मालतीताई येरवड्याला. मी अमरावतीहून आलेला, सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागलेला. तेव्हा आमच्यासारख्यांची नवी नोकरी म्हणजे नवं घर, नवी गाडी आणि नवे शौक. एका शनिवारी मी काचेची टाकी आणली, त्याच दिवशी पाणी भरलं आणि त्याच दिवशी सहा मासे सोडले. गुरुवारपर्यंत सहाही उलटे तरंगत होते. मॅडम खाली आल्या, टाकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो टेस्टिंगवाले, काल स्लॅब टाकला आणि आज तुम्ही गृहप्रवेश केलात."

मग त्यांनीच समजावलं. मासा जिथे खातो तिथेच घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो आणि तो माशाला मारतो. हा अमोनिया खाणारे जंतू असतात, पण नव्या टाकीत त्यांची वस्ती व्हायला महिना-दीड महिना लागतो. "पाणी स्वच्छ दिसणं वेगळं आणि राहण्याजोगं असणं वेगळं," त्या म्हणाल्या. मी इतका खजील झालो की ती टाकी पुसून माळ्यावर टाकली.

त्यांच्याकडे स्वतःचा एकच मासा होता. अकरा वर्षांचा, वीतभर लांबीचा गोल्डफिश. नाव डेप्युटी. "आमचे डेप्युटी असेच दिवसभर तोंड उघडं ठेवून इकडून तिकडे फिरायचे. काम शून्य," असं म्हणायच्या आणि रोज सकाळी त्याच्यासमोर बसून पेपर मोठ्याने वाचायच्या. जगाशी तिरकं बोलणारी ही बाई माशाशी मात्र सरळ बोलायची.

मग त्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं, सोमवारचं. डेप्युटीकडे मी बघायचं, किल्ली माझ्याकडे, सगळं ठरलेलं. आणि गुरुवारी सकाळी त्यांच्या टाकीचा सांधा सुटला. मी धावत वर गेलो तर घरभर पाणी, डेप्युटी बादलीत आणि मॅडम खुर्चीत धापा टाकत. "माझी झडप आणि टाकीचा सांधा," त्या म्हणाल्या, "दोघांना हाच आठवडा सापडला." हसायचा प्रयत्न करत होत्या, पण नजर बादलीवरून हटत नव्हती. त्या जड टाकीची दुरुस्ती आता कोण करणार? माझी टाकी माळ्यावरून खाली आली. रविवारी दुपारी त्या दवाखान्यात दाखल होणार होत्या. त्याआधी महिन्याचं काम उरकायचं होतं.

मला घाईवरून झापणाऱ्या मॅडमनी त्या दिवशी घाई कशी करायची ते शिकवलं. जुन्या फिल्टरचा तपकिरी, बुळबुळीत, जंतूंनी भरलेला स्पंज त्यांनी कात्रीने अर्धा कापला. अर्धा माझ्या फिल्टरमध्ये, अर्धा बादलीत डेप्युटीसोबत. जुन्या टाकीतल्या खड्यांची पुरचुंडी बांधून माझ्या टाकीत सोडली. हीटर लावून पाणी कोमट केलं, हवेचा पंप अखंड चालू. वर चिमूटभर माशाचं खाणं, कुजायला. "जंतूंनाही जेवण लागतं. उपाशी कोण नांदेल?" तपासायला थेंबांच्या दोन बाटल्या आणि काचेच्या दोन नळ्या दिल्या. एका नळीत अमोनिया दिसतो, पिवळा चांगला, हिरवा वाईट. दुसऱ्या नळीत नायट्रेट, म्हणजे जंतूंनी जेवून मागे ठेवलेलं खरकटं. शुक्रवारी तिथे किंचित नारिंगी रंग आला तेव्हा मॅडमनी ती नळी उजेडात धरून केवढा वेळ पाहिली!

शनिवारी मला ऑफिसला जावं लागलं. दोन दिवसांपूर्वीच आई अमरावतीहून आली होती. चारला परतलो तर टाकी लखलखत होती आणि आईचा चेहराही. "किती घाण होती बाप्पा त्या स्पंजात! आजारी बाईचा मासा येणार, अन् तू त्याला गटारात ठेवणार होता का? मस्त साबणानं धुतला. पाणी बदललं. गोटे उकळून घेतले."

"आई, अगं काय केलंस हे!" एवढंच ओरडलो. तिचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात वरून हाक आली, "टेस्टिंगवाले, आजचं रिडिंग?"

आणि मी काय केलं, तर स्वयंपाकघरातल्या नळाखाली दोन्ही नळ्या भरल्या, थेंब टाकले आणि वर घेऊन गेलो. हृदयाच्या पेशंटला आज कशाला ताप, असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

मॅडमनी नळ्या खिडकीपाशी धरल्या. मी बादलीकडे बघत राहिलो. डेप्युटी गोल गोल फिरत होता.

"अमोनिया शून्य. वा! आणि खरकटंही शून्य. काल होतं, आज नाही." त्यांनी नळ्या खाली ठेवल्या. "हे नळाचं पाणी आहे."

मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा श्वास जोरात चाललेला, कपाळावर घाम. यांना आत्ताच काही झालं तर?

"चुकलेली रिडिंगं मी पुष्कळ पाहिली," शेवटी त्या म्हणाल्या. "माणूस आहे, चुकणार. पण खोटं रिडिंग मला पुन्हा आणून द्यायचं नाही. माझ्या आकड्यावर लोक आपल्या पोरांना पाणी पाजायचे."

मग त्यांनी बादलीतला उरलेला स्पंज पुन्हा अर्धा कापला आणि मी नको नको म्हणत असताना कठडा धरून, पायरीपायरीवर थांबत खाली आल्या. आई दारामागे उभी होती. मॅडम तिला म्हणाल्या, "अहो, पाणी फारच स्वच्छ झालंय. चला, आपण दोघी मिळून जरा खराब करू." आई डोळे पुसत हसली.

रविवारी डेप्युटी टाकीत गेला. मॅडमनी काचेवर हात ठेवला, "येते रे" म्हणाल्या आणि मालतीताईंबरोबर रिक्षात बसल्या.

सोमवारी ऑपरेशन झालं. मी सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत होतो, खाणं बंद ठेवलं होतं, प्रत्येक रिडिंग कागदावर लिहीत होतो. मंगळवारी नळी हिरवी झाली, बुधवारी गडद. निम्मं पाणी बदललं, संध्याकाळी पुन्हा निम्मं. गुरुवारी सकाळी डेप्युटी तळाशी आडवा होता, तोंड मिटलेलं. आईने दोन दिवस नीट जेवण केलं नाही.

शनिवारी दवाखान्यात गेलो. डेप्युटीचं मी मालतीताईंना फोनवर कळवलं होतं. त्यांनी मला बाहेरच गाठलं. "मासा बरा आहे, असंच सांगा हं." मग हुंदका आवरत म्हणाल्या, "नवी झडप लागू पडत नाहीये. हृदयात जोरच उरला नाही. डॉक्टर म्हणतात, आठवडा, फार तर दोन. ताईला एवढंच सांगितलंय, मंगळवारी घरी जायचं."

मॅडम उशीत रुतल्यासारख्या दिसत होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "रिडिंग?"

त्यांच्या डोक्यामागून मालतीताई मान हलवत होत्या, नको, नको. मी खिशातला कागद काढला आणि वाचला. "सोमवार, फिकट हिरवं. मंगळवार, हिरवं. बुधवार, गडद हिरवं, दोनदा पाणी बदललं. गुरुवारी सकाळी डेप्युटी गेला, मॅडम."

मालतीताई रागाने बाहेर निघून गेल्या. मॅडमनी डोळे मिटले. कडांतून पाणी कानांपर्यंत ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"आता माझं सांगा."

मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारतो."

"तुम्हाला माहीत आहे. चेहऱ्यावर दिसतंय."

त्या क्षणी मला आयुष्यात कधी नव्हतं इतकं खोटं बोलावंसं वाटलं. पण त्या माझ्याकडे नळीकडे बघावं तशा बघत होत्या. मी सांगितलं. झडप, हृदय, आठवडा, फार तर दोन.

त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाल्या, "मालतीला आत बोलवा. बिचारी किती दिवस हे एकटीच घेऊन फिरतेय."