बाहेरची कडी

अक्का गेल्याचा निरोप दूध डेअरीवरच्या फोनवर आला. तो घेऊन आलेल्या डेअरीवाल्या तात्यांनी दारातूनच सांगितलं, "इंदापूरचा फोन हाय. तुमची अक्का पहाटं गेली." तापाचं निमित्त झालं होतं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो आणि निघताना मी सवयीनं दाराला बाहेरून कडी घातली. ती कडी आठवली की अजून मला माझीच लाज वाटते...

अक्का माझी थोरली नणंद. तिचं नाव इथं लिहीत नाही. लिहू का, हे विचारायला ती नाही. नात्यातल्याच एका माणसानं स्थळ दाखवतो म्हणून तिला शहरात नेलं आणि विकलं. पोलिसांनी सोडवून आणलं तेव्हा मी वडगावच्या या घरात नवी सून होते. लोणी देवकरला कंपनीत कामाला होती, असं आम्ही गावाला सांगितलं. घरात तर तो विषय कुणी काढायचाच नाही, असं ठरलं. त्यालाच आम्ही माया समजत होतो.

आम्ही सगळे उसात गेलो की अक्का घरी एकटी. सासूबाई जाताना बाहेरून कडी घालायच्या. "बाईमाणूस एकटं हाय. कुत्रं शिरतं, आन् माणसंबी बरी न्हाईत," म्हणायच्या. परत यावं तर अक्का चुलीमागच्या कोपऱ्यात पाठ भिंतीला लावून बसलेली, ताटातली भाकरी तशीच. विचारलं की म्हणायची, "भूक न्हाय, वैनी." बाहेरचं काही लागलं असेल म्हणून देवऋषी झाला, अंगारे झाले. शेवटी गावातल्या नर्सबाईंनी बारामतीच्या एका दवाखान्याचं नाव सुचवलं. तिथं मनानं खचलेल्या माणसांशी बोलणाऱ्या एक बाई बसायच्या.

बाजाराच्या दिवशी मी तिला घेऊन जायची. बाई अक्काला विचारायच्या आणि उत्तर मी द्यायची. त्यांनी मला गोड बोलून बाहेरच्या बाकावर बसवलं. बरेच बाजार असे गेले. मग एकदा त्यांनी मला आत बोलावलं. अक्का खाली मान घालून बसली होती.

"शेतात जाताना तुम्ही दार कसं लावता?" बाईंनी विचारलं.

मी कौतुकानं सांगितलं, आम्ही तिला किती जपतो ते.

"तिथंही कडी बाहेरूनच होती," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी ते ह्यांना सांगितलं. त्याच दिवशी ह्यांनी कडी काढून टाकली. घर राखायला सासूबाई ओट्यावर बसू लागल्या. अक्का हळूहळू जेवू लागली, दारात बसून शेंगा फोडू लागली. एकदा तर हसून म्हणाली, "कुत्रं आलं तर मीच हाकलंन की." बारामतीच्या खेपा तिनं पुढं एकटीनं केल्या. त्या बाईंच्याच ओळखीनं ती इंदापूरला एका संस्थेत गेली, तिच्यासारख्या सुटून आलेल्या मुलींच्या सोबतीला.

ती इंदापूरला गेली, सासूबाई परत उसात येऊ लागल्या आणि कुत्र्यानं दुधाचं पातेलं लवंडलं. कडी परत दारावर बसवली. कुणाच्या मनातही काही आलं नाही.

भाऊबीजेला अक्का आली. ह्यांना ओवाळलं, जेवली, जाताजाता दाराकडे बघितलं आणि संध्याकाळची एस.टी. धरली. "लई कामं हाईत, वैनी." त्यानंतर ती आमच्याकडे कधी मुक्कामाला राहिली नाही. आता नोकरदार झाली, आपलं घर कशाला गोड लागतंय तिला, असं मी ह्यांना टोचून बोलले होते...

इंदापूरला सगळं उरकल्यावर तिथली एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. "अक्का आमच्या खोलीभाईर थांबून हाक द्यायच्या. 'मी हाय, येऊ का?' आमी व्हय म्हनल्याबिगर कधी आत आल्या न्हाईत." मग म्हणाली, "भावाकडं का ऱ्हात न्हाय, म्हनून इचारलं हुतं मी. म्हनाल्या, 'तितं कडी परत आलीया. काढा म्हनून सांगू कसं? घर त्येंचं हाय.'"

घरी आल्यावर ह्यांनी कडी पुन्हा काढली. या वेळी स्क्रूची भोकं मी सुताराकडचा लांबीचा लगदा भरून बुजवली. पहिल्या वेळी ती भोकं आम्ही तशीच ठेवली होती. अक्का रोज त्या दारातून ये-जा करायची. ती भोकं कशासाठी ठेवली आहेत, हे तिला आमच्याआधी कळलं असणार.